चाटूनपुसून स्वच्छ आलेली वाटी

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले, स्वराची जेवणाची वाटी घासायला घेतली... आणि तळाशी नाव दिसलं 'चि. आरव'. स्वराच्या बारशातल्या वाटीवर 'चि. स्वरा' कोरलेलं आहे. आरव शेजारच्या पूजाचा मुलगा, आमच्या स्वराएवढाच, अडीच वर्षांचा.

माझ्या डोक्यात महिनाभर जे शिजत होतं, त्याला पुरावा मिळाला.

झालं असं होतं, की डॉक्टर म्हणाले स्वराचं वजन थोडं कमी आहे, दुपारचं जेवण नीट होतंय ना बघा. मी सकाळी निघते ती संध्याकाळीच येते, दुपारी स्वरा सासूबाईंजवळ. मग मी रील्स बघून बघून कामाला लागले. मुगाच्या धिरड्यात किसलेलं गाजर, बीट घालून इडली, पालकाचा छोटा पराठा, नाचणीचा गोड पॅनकेक... सकाळी करून वाटीत झाकून ठेवायचं आणि सासूबाईंना सांगून निघायचं.

संध्याकाळी वाटी रिकामी. रोज! एक कण शिल्लक नाही.

आता तुम्हीच सांगा, कुठल्या घरातलं अडीच वर्षांचं मूल पालक रोज चाटूनपुसून खातं? त्यात रविवारी मी समोर बसून तोच पराठा भरवायला गेले, तर हिने तो जिभेने बाहेर ढकलला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिची शत्रू.

सासूबाईंना विचारलं, की म्हणायच्या, "हाव, जेवली न. सगळं खाल्लं." आणि लगेच गवारीच्या शेंगा मोडायला घ्यायच्या. मान वर नाही. माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

मग मी बारीक लक्ष ठेवायला लागले. फ्रॉकवर हळदीचे डाग, मी तर हळद घातलीच नव्हती. एकदा हनुवटीला ज्वारीची कणी चिकटलेली... आमच्याकडे त्या दिवशी ज्वारी शिजलीच नव्हती. बिस्किटाचा डबा हलवून बघितला, स्वराच्या तोंडाचा वास घेतला. नवरा म्हणाला, तू पोलिसात भरती हो.

वजन वाढत होतं, हे खरं. पण बिस्किटांनीही वाढतंच की!

शेवटी सासूबाईंना न सांगता एका पाळणाघराशी फोनवर बोलून ठेवलं. सोमवारपासून पाठवते म्हटलं. बोलताना वाईट वाटत होतं, कारण स्वरा त्यांच्या कुशीशिवाय झोपत नाही. पण मुलीच्या पोटाचा प्रश्न होता.

तर त्या शुक्रवारी ती वाटी हातात घेऊन मी तडक शेजारी निघाले. पूजाचं दार वाजवणार, तेवढ्यात तीच बाहेर आली. तिचं पुढच्या खोलीत शिवणकाम चालतं, गळ्यात टेप तसाच... आणि हातात 'चि. स्वरा'ची वाटी.

माझ्याआधी तीच बोलली. "ताई, खरं सांगजा, माह्या आरवच्या कण्या तुमची स्वरा खाते काय?"

तिचीही तीच तऱ्हा! ती पोराला ताकातल्या ज्वारीच्या कण्या नाहीतर हळदीच्या वरणात कुस्करलेली भाकर देते, वर तुपाची धार. तिच्यासमोर तो तोंड उघडत नाही, आणि दुपारी आजोबांनी भरवलं की वाटी लखलखीत. तिला वाटत होतं, सासरे गुपचूप शेव-चिवडा चारतात.

आम्ही दोघी वळलो. समोरच्या ओट्यावर माझ्या सासूबाई आणि आरवचे आजोबा, एसटीतून रिटायर झालेले. आम्हाला बघताच आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शेवटी सासूबाईच बोलल्या. "लेकराले आपल्या ताटातलं कधी गोड लागते का वं? याच ओट्यावर बसतात दोघं समोरासमोर. ती त्याचं खाते, तो तिचं खाते. आमी निस्ती वाट्यायची अदलाबदल करतो. आज त्या परत बदलाच्या राह्यल्या."

म्हणजे माझं गाजराचं धिरडं महिनाभर आरव खात होता. आणि स्वराच्या अंगाला लागल्या त्या पूजाच्या कण्या!

"मग मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू पहाटे उठून करतं. कसं सांगू, की ते दुसऱ्याचं लेकरू खाते म्हनून?"  मग खाली बघतच म्हणाल्या, "आता धाडतं का तिले पाळणाघरात?"

त्यांनी फोन ऐकला होता... आणि इतके दिवस एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्यावर संशय घेत होते, आणि त्या रोज नात आता जाणार या धास्तीत तिला भरवत होत्या. मला फार लाज वाटली.

तिथेच ओट्यावर बसून पाळणाघराला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "चाय ठेव." डॉक्टरांनी साखर बंद केलेले आजोबा म्हणाले, "माह्या चायत साखर टाकजो बरं." पूजाने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी परत चष्मा काढला.

आता आम्ही उघडच करतो. मी पहाटे आरवसाठी बनवते, पूजा स्वरासाठी, आणि एकमेकींना मेसेज करून विचारतो, उद्या काय आवडेल तुझ्या... म्हणजे माझ्या... असो. तुमचं मूल घरचं खात नसेल, तर रेसिपी बदलण्याआधी एकदा शेजारच्या पोराशी वाटी बदलून बघा.

काल मात्र पालक पराठा दिला होता, आणि संध्याकाळी आजोबांच्या मिशीला काहीतरी हिरवं लागलेलं दिसलं. मी विचारलं नाही. स्वरा सासूबाईंच्या मांडीवर पोटभर जेवून गाढ झोपली होती, आणि मला तेवढं पुरे आहे.