मौनी पैलवान

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा पैलवान आहे, एवढंच मला सांगितलं होतं. आवाजाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तंजावूरला सासरी आले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “थोडं ताक मिळेल का?” शेजारची एखादी मुलगी आली असेल म्हणून मी वळले, तर दारात हे उभे. दार त्यांना पुरत नव्हतं.

ताकद अशी, की समोरचा सलामीला वाकला की सरळ व्हायच्या आत आडवा व्हायचा. पण तिकीट काढून कुस्तीच्या तंबूत आलेल्या लोकांना ते आवडत नसे. त्यातून पापनाशम गावी यांनी मातीत उतरून “या, कोण येतो!” असं आव्हान दिलं आणि अख्खा तंबू हसला. त्या दिवशी हे जिंकले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

माझे थोरले दीर कीर्तनकार. अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये असं त्यांचं कीर्तन चाले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते यांना तमिळ रीतीनं ‘तंबी’ म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. दुसऱ्या दिवशी त्यांनी यांना समोर बसवलं.

“तंबी, लोकांचा विडा तोंडात जात नाही तोवर तुझी कुस्ती संपते.”

“मग काय मुद्दाम हरू?”

“हरू नकोस, वेळ लाव. मी पूर्वरंगातच सीता सोडवून आणली तर उत्तररंगाला कोण बसेल? आणि आजपासून चारचौघांत बोलायचं नाही.”

आठवडाभरात जटक्यावर, म्हणजे घोडागाडीवर, बँड वाजवत गावभर नोटिसा उधळल्या गेल्या. मौनी पैलवान! गुरूच्या चितेपाशी मौनाचं व्रत घेतलेला वीर!

यांचे वस्ताद धडधाकट होते. नोटीस हातात घेऊन ते काठी आपटत घरी आले.

“मला कुणी जाळलं?”

अण्णांनी आदरानं चटई टाकली. “वस्ताद, तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे.”

“मेलेल्या माणसाला?”

“तुम्ही त्यांचे भाऊ म्हणून या.”

वस्ताद आले. अण्णांनी ‘दिवंगत गुरूं’चं असं काही वर्णन केलं, की वस्ताद स्वतःसाठीच हुंदके देऊन रडले.

मलाही शिकवून ठेवलं होतं. पाण्याला गेले की बायका विचारत, “रोज एक बकरा लागतो म्हणे?” मी नुसती मान डोलवायची. घरात हे दहीभात आणि नार्तंगाई नावाच्या मोठ्या लिंबाचं लोणचं खात. मातीत उतरल्यावर हे बराच वेळ डोळे मिटून उभे राहत. लोकांना ती समाधी वाटे. खरं तर गर्दी बघितली की यांना लाज वाटायची.

मग मदुरेचा पैलवान आला. तंबू गच्च भरला होता. पंच म्हणून रेल्वेतला एक गोरा साहेब शिट्टी घेऊन उभा होता. परवानगी मिळायला त्याचा उपयोग होता, कुस्ती समजायला नव्हता. मी बायकांच्या आडोशामागे बसले होते. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे यांनी पुष्कळ वेळ लावला आणि मग त्याला उचलून टाकलं. तो खांद्यावर पडला. हाड सरकल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

हे गुडघ्यावर बसले. “अय्यो, फार लागलं का हो? हात हलवू नका.”

तोच आवाज. माझ्या मागची बाई फिसकन हसली. पापनाशम पुन्हा होणार, असं मला वाटलं. तेवढ्यात अण्णा चिपळ्यांसकट मातीत उतरले. “ऐका हो! यानं व्रत मोडलं, पण माणूस मोडू दिला नाही!” पहिल्या रांगेत वस्ताद उठले आणि ओरडले, “माझ्या भावाचं नाव राखलंस रे!” मागची बाई पदरानं डोळे पुसू लागली. गोऱ्या साहेबानं काहीतरी करायला हवं म्हणून शिट्टी वाजवली.

यांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. त्याचा खांदा धरून हे फडकं मागत होते. तो पैलवान बरा होईपर्यंत आमच्याच घरी राहिला आणि वर्षाचं लोणचं संपवून गेला.

त्या दिवसापासून यांचं नाव कुंभकोणच्याही पलीकडे गेलं. कुणी म्हणे, तो आवाज गुरूच्या आत्म्याचा होता. अण्णा सांगत, “पैलवान आईनं जन्माला घातला, पण मोठा केला तो मी.”

एकदा मी पदर पुढे ओढून म्हटलं, “भाऊजी, बाकी सगळं तुमचंच. पण ते गुडघ्यावर बसणं तुम्ही शिकवलं नव्हतं.”

अण्णांनी बराच विचार केला. “नाही,” ते म्हणाले, “ते सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर पापनाशमपासूनच लावलं असतं.”

पुढच्या नोटिशीत ते गुडघ्यावर बसणं छापायचंही त्यांनी ठरवलं. हे म्हणाले, “अण्णा, ते राहू दे.” आणि त्या एका बाबतीत अण्णांनी यांचं ऐकलं.