हौसामावशींनी फेकलेला नकली बॉम्ब

मंडळी, आत्ताच महाळुंगे पडवळहून घरी आलोय आणि पहिल्यांदा तुम्हालाच सांगतोय.

माझा छंद तुम्हाला माहीत आहे. युद्धाच्या काळात जवानांना शिकवायला वापरलेल्या, स्फोटक दारू नसलेल्या नकली वस्तू मी जमवतो. आज त्यासाठीच हौसामावशींनी बोलावलं होतं. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी फौजेतल्या नव्या पोरांना बॉम्ब फेकायला शिकवायचे. त्यांच्या ट्रंकेत सरावाचा एक हातबॉम्ब सापडला. सुनेने घाबरून पोलिसांना कळवलं. त्यांनी नेऊन तपासला आणि आत काही नाही म्हणून परत दिला.

"आई, आता देऊन टाका ना," सून म्हणाली.

मावशींनी तो हातात घेतला, पदर खोचला आणि अंगणात असा भिरकावला की कोंबड्या पार गोठ्यात पळाल्या!

"लगीन झाल्यावर ह्यांनी मलाबी शिकवलं व्हतं," त्या लई हसल्या. मग स्वतःच जाऊन तो उचलून आणला, माती झटकली आणि माझ्या हातात ठेवला. "न्या भाऊ. पण नुसतं लोखंड म्हणून ठेवू नका."

बॉम्बसोबतच्या चिठ्ठीवर लिहायला मी मालकांचं नाव विचारलं. सून सांगणार तोच मावशींनी तिला थांबवलं. "लग्नातल्या उखाण्यानंतर मी त्यांचं नाव कधी घेतलं न्हाई. आज घेते. सखाराम."

मावशी, वस्तूपेक्षा त्या नावासाठी मी तुमचा ऋणी आहे.

मंडळी, तुमच्या घरच्या फौजी माणसाचं नाव खाली लिहाल?