आज आमच्या दारात चपला नव्हत्या

मंडळी, आत्ता संध्याकाळी जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

समाजसेवक नवरा-बायकोच्या आयुष्यावरची ती सिरियल तुम्हीही पाहत असाल. आमच्या गल्लीतल्या बाया ती रोज आमच्याच घरी पाहतात. सासूबाई सतरंजी अंथरतात, चहा ठेवतात, दारात चपलांचा ढीग पडतो.

परवा सिरियलमध्ये त्या जोडप्यावर गावानं चिखल फेकला, तेव्हा शेजारच्या वच्छलाकाकू ढसाढसा रडल्या. "त्याइच्या बाजूनं उभा राहाले एकही माणूस नव्हता काय वो?"

काल मी आणि माझा नवरा वैनगंगेच्या घाटावर ठेकेदाराचे चोरट्या रेतीचे ट्रक अडवून उभे राहिलो.

आज सतरंजी रिकामीच. सासूबाई म्हणाल्या, "काहून नाही आलं कोणी?"

मी काकूंकडे गेले. दार बंद, आत सिरियलचंच गाणं. कडी वाजवली, तर टीव्हीचा आवाज बंद झाला. मग खिडकी बोटभर उघडली.

"घरी जाय बाई. ठेकेदाराचे माणसं दुपारी आलते. तुह्या घरी कोण कोण बसते, इचारून राह्यलते."

खिडकी लागली. मी अंगणाबाहेर पडेपर्यंत गाणं पुन्हा सुरू.

हे लिहिताना गल्लीच्या तोंडाशी बिना नंबरची जीप उभी आहे. सासूबाईंनी टीव्ही बंद केलाय, तरी प्रत्येक घरातून तीच सिरियल ऐकू येतेय. आजही बाया रडत असतील.

खरं सांगा, तुम्ही आमच्या गल्लीत राहत असता, तर आज चहाला आला असता का?