बडे बाबूंचं खाकी पाकीट

लग्नाची पत्रिका समोर ठेवली की बडे बाबू आधी तिच्यावर आवकचा शिक्का मारायचे. गणपतीच्या चित्राला धक्का लागणार नाही अशा बेताने, खालच्या कोपऱ्यात. मग चष्मा कपाळावर चढवून नवरदेवाकडे बघायचे आणि विचारायचे, "बरं. अन् गोळी?"

महाराणा प्रताप नगरातल्या आमच्या ऑफिसात ते आवक-जावक सांभाळत. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले, त्यामुळे बोलणं नागपुरी आणि त्यावर हिंदीची सढळ फोडणी. माझे वडील कारखान्याच्या नोकरीसाठी पुण्याहून आले. अवधपुरीतल्या आमच्या घरात कुणी "करून राहिलो" म्हटलं तर आईच्या कपाळाला अजून आठी पडते. बडे बाबूंना हे कुठून तरी कळलं होतं. रोज सकाळी मला पाहिलं की मुद्दाम विचारायचे, "काय पुणेकर, काय करून राहिला?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या हातून कागद हरवत नाही. बडे बाबू महत्त्वाचं पत्र कधी एकाच रस्त्याने पाठवायचे नाहीत. एक प्रत टपालाने, दुसरी कुणाच्या तरी हाती. "एक हरवते," ते म्हणायचे, "कोणती हरवते ते आधी समजत नाही." साहेब यावर हसायचे, पण साहेबांचं कुठलंही पत्र वाटेत अडकल्याचं मला आठवत नाही.

गोळी म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडची. शाहपुऱ्यातल्या त्यांच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानातून ते ती आणत आणि खाकी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, नवरदेवाच्या हातात ठेवत. वर निळ्या शाईत लिहिलेलं असे : 'सूनबाईंना रोज एक. एकदा डॉक्टरला विचारून.'

"बडे बाबू, अभी तो शादी भी नहीं हुई," एकाने लाजत सांगितलं.

"इसीलिए तो अभी दे रहा हूँ," बडे बाबू म्हणाले, आणि पुढच्या कागदाकडे वळले.

आधी ते हे पाकीट थेट मांडवात द्यायचे. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांनी ते कौतुकाने सगळ्यांदेखत फोडलं. गोळ्या बघून मामा गोंधळले आणि त्यांनी आतली चिठ्ठी मोठ्याने वाचली, 'होणाऱ्या बाळाच्या पाठीसाठी.' मुलाची आत्या नवरीच्या पोटाकडे रोखून बघायला लागली. नवरीच्या वडिलांचा चेहरा उतरला. बडे बाबू हातातलं ताट खाली ठेवून उठले, दोन्ही व्याह्यांना समोरासमोर खुर्चीवर बसवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बाळ नाही, म्हणूनच गोळी आहे. लेकराची पाठ पहिल्या चार हप्त्यांत जुळते. तेव्हा तं आईला दिवस गेल्याचं माहीत पण नसते. माहीत झाल्यावर सुरू केली तं उशीर होते. या पोरीला काही झालं नाही, अन् पुढे पण काही होऊ नये, एवढीच गोष्ट आहे." जेवणाची पंगत उठेपर्यंत ती आत्या स्वतःच्या सुनेसाठी एक पाकीट मागत होती.

त्यानंतर पाकीट मांडवात जाणं बंद झालं. ते ऑफिसातच, नवरदेवाच्या हाती पडू लागलं.

माझ्या लग्नाच्या वेळी मलाही मिळालं. मी "हो, हो" म्हणत घेतलं आणि टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फायलींच्या तळाशी ढकलून दिलं. तुम्हीच सांगा, ज्या मुलीशी मी जेमतेम चार वेळा फोनवर बोललो होतो, तिला 'ही बाळासाठी गोळी' असं कोणत्या तोंडाने सांगणार? नंतर सांगू म्हटलं. मग मेधा घरात आली, आम्ही एकमेकांना ओळखू लागलो, आणि ते पाकीट मी साफ विसरलो.

होळी झाली आणि मेधाने ती बातमी सांगितली. आई खुश, बाबा खुश, मी तर हवेतच. ऑफिसात पेढे नेले. बडे बाबूंनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. "गोळी केव्हापासून सुरू आहे?"

"लग्नाच्या आधीपासून," मी म्हणालो. इतक्या सहज खोटं बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि मला शेजारच्या स्टुलावर बसवलं. तोवर इतकी वर्षं ऑफिसात कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी मला सांगितली.

"आमची पण होती. मुलगी. पाठ उघडी होती तिची, खालच्या बाजूला. एवढीशी जागा." त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "सतरा दिवस राहिली. बारसं व्हायचं होतं. मग खूप वर्षांनी एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं, की एक गोळी असते, आधीपासून घ्यायची. गोळीनं सगळंच टळते असं नाही, पण पुष्कळ टळते. आमच्यापर्यंत ते कोणी पोचवलंच नाही ना. तुझी काकू अजून म्हणते, माझ्याच पोटात काही खोट होती. मी म्हणतो, तुझ्यात नाही बाई. खबर आली नाही, एवढंच."

मग ते शांतपणे आपल्या कामाला लागले. मी माझ्या टेबलाशी आलो. समोर फाईल उघडी होती आणि मला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. मेधाला दोन महिने होत आले होते. चार आठवडे केव्हाच उलटून गेले होते. मी निव्वळ लाजेपोटी, चार वाक्यं बोलायची टाळण्यासाठी, एका न जन्मलेल्या जिवाशी काय खेळ केला होता? स्वतःची इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मी खालचा खण उपसला, पाकीट काढलं आणि बडे बाबूंसमोर ठेवलं. चिकटवलेलं जसंच्या तसं होतं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्या ऑफिसासमोर माझी पूजा बांधणार. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. म्हणाले, "घरी जा."

"बडे बाबू, मी..."

"सॉरी मग म्हणजो. आधी घरी जा अन् सूनबाईला विचार, काकूनं दिलेली घेतली का. नसली घेतली, तं आजच डॉक्टरकडे ने. त्या सांगतील तसं कर. पण विचार आधी."

काकूंनी काय दिलं होतं, हे विचारायचंही मला सुचलं नाही. स्कूटर काढली. अवधपुरीपर्यंतचा रस्ता त्या दुपारी संपता संपेना. प्रत्येक सिग्नल लाल.

मेधा गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी धापा टाकत विचारलं, "काकूंनी तुला काही दिलं होतं का?"

"कधी? संक्रांतीला? वाण दिलं ना, हळदीकुंकवाला."

"वाणात काय होतं?"

ती लाजली. "तुला माहीत नाही? डबा होता आणि डब्यात त्या गोळ्या. काकू म्हणाल्या, आजपासून रोज एक. मी माझ्या मावशीला फोन करून विचारलं, ती डॉक्टर आहे. ती म्हणाली, लगेच सुरू कर."

"आणि तू सुरू केल्यास?"

"त्याच दिवशी. घेतेय ना रोज, दुपारी जेवण झालं की." मग माझा अवतार बघून ती घाबरली. "काय झालं? मला वाटलं तूच बडे बाबूंना सांगून पाठवल्यास, आणि मला सांगायला लाजतोयस. म्हणून मी पण विषय काढला नाही."

मी गच्चीतच खाली बसलो. ओल्या चादरीत तोंड लपवून हसलो की रडलो, ते नक्की सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

मग बडे बाबूंना फोन लावला. "घेतलीय," एवढंच म्हणू शकलो. "बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवरदेवाच्या हातातली प्रत हरवते, हे मला माहीत आहे. म्हणून एक काकूच्या हातानं जाते. तू काही पहिला नाहीस बे." ते पाकीट त्यांनी आतल्या गोळ्यांची मुदत तपासून हिशेब विभागातल्या पुढच्या नवरदेवाला दिलं.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी बाळाची पाठ दाखवली. मला पडद्यावर काही कळलं नाही, पण त्या म्हणाल्या नीट आहे, आणि मी तिथूनच बडे बाबूंना फोन केला.

निवृत्तीनंतर ते तीन वर्षं होते. एका सकाळी चहा घेता घेता गेले. काकू आता नागपूरला भावाकडे असतात. ऑफिसात नवीन मुलाचं लग्न ठरलं की पाकीट मी देतो. माझे कान अजून लाल होतात, पण देतो, आणि मेधा त्याच्या बायकोला वेगळं देते. नवी मुलं मला हसतात. हसू देत.

पण बडे बाबू मला आठवतात ते आमच्या मुलीच्या बारशाचे. ते कधीच कुणाच्या बारशाला जात नसत, आणि का, ते आता मला कळलं होतं. त्यामुळे बोलावलं तरी येतील असं वाटलं नव्हतं. पाळण्याची गाणी संपत आली तेव्हा दोघं दारात उभे दिसले, बडे बाबू इस्त्रीच्या शर्टात, काकू त्यांच्या मागे. आत यावं की नाही, या विचारात. मेधाने सरळ पाळण्यातून मुलीला उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

ते अवघडले. मग तिला छातीशी धरलं आणि उजव्या हाताचं एक बोट तिच्या मानेखाली टेकवून हळूहळू, एकेक मणका चाचपत, कमरेपर्यंत नेलं. परत वर नेलं. पुन्हा खाली आणलं. बायकांनी गाणं थांबवलं होतं.

"पाह्य ना," ते काकूंना म्हणाले, "पूर्ण आहे."

काकू पुढे आल्या. त्यांनीही आपलं बोट तिथे ठेवलं आणि त्यांना रडू फुटलं. मुलगी बडे बाबूंच्या खांद्यावर केव्हाच झोपून गेली होती. आईने दोनदा हात पुढे केले, तरी ते तिला परत द्यायला तयार नव्हते.