दवाखान्यावर हल्ल्याला मनाई

नागपुरातल्या एका कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो आणि त्यावर मराठीत ब्लॉग लिहितो. वाचणारे मोजकेच. परीक्षेच्या तोंडावर काही विद्यार्थी, माझ्या चुका काढायला टपलेले एक सहकारी, आणि महाल भागात राहणारी माझी धाकटी बहीण. तिला त्यातलं किती कळतं, मी कधी विचारलं नाही. लेख आला की 'दादानं लिहिलं' म्हणून ती तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची आणि मी खूश व्हायचो.

तिची मुलगी आखातात नर्स आहे. तिकडे तणाव वाढला तेव्हा मी लिहिलं, की युद्धातही दवाखान्यावर हल्ला करायला मनाई आहे. खाली अपवाद, मतभेद, तळटिपा, सगळं होतं. तळटिपा कोण वाचतं!

नंतर एका दुपारी बहिणीकडे गेलो, तर मेहुणे इतवारी बाजारातलं भांड्यांचं दुकान सोडून घरी तोंड फुगवून बसलेले. मुलीला परत बोलवायचं त्यांनी ठरवलं होतं, पण बहीण तिकीटच काढू देत नव्हती.

"दवाखान्यातच तर राहते न पोरगी," ती मला म्हणाली. "अन् तूच लिहिलं, तिथं मनाई आहे. मंग काहून घाबरायचं?"

"दादा, आता तुमीच सांगा इले," मेहुणे म्हणाले. "बोलवू का नको?"

मी सवयीनं सुरू झालो. कायद्याची भूमिका स्पष्ट आहे, पण अंमलबजावणीचं म्हणाल तर... आणि मध्येच अडकलो. वर्गात हे वाक्य मी डोळे मिटून पूर्ण करतो. मनाई आहे हे खरं. मनाई आहे म्हणून कुणी करणारच नाही, असं मी कुठं म्हटलं होतं? खाली गल्लीत 'नो पार्किंग'च्या पाटीखाली माझीच स्कूटर उभी होती. पण मग मी हे सगळं लिहितो तरी कशासाठी? मला आधी माझा राग आला, मग बहिणीचा, मग नेमका कुणाचा यायला हवा तेच कळेना.

बहिणीनं व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. भाची ड्युटीच्या कपड्यांत होती, हसत होती.

"मामा, तुहा लेख मी इथं सगळ्या पोरींले समजावून सांगितला. दोघी तर बॅगा भरून राहिल्या होत्या. थांबल्या."

"तू घरी ये," मी म्हणालो.

"काहून? कायदा बदलला का?"

"नाही बदलला. तरी ये."

बहीण माझ्याकडे अशी पाहत होती, की जणू आजवर मी तिला खोटंच सांगत आलो. खोटं नाही वं, एक अक्षरही खोटं नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं, पण ते सांगून काय होणार तेही समजत नव्हतं.

"येते," भाची म्हणाली. "पण मामा, त्या दोघींले काय सांगू?"