खुर्शीदभाऊंचा अंदाज

राजुऱ्याजवळच्या खाण वसाहतीच्या क्लबात लाल मुरमाचं टेनिस कोर्ट आहे, आणि ते खुर्शीदभाऊंनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. सकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. संध्याकाळी खेळ आटोपला की झाडण्याआधी ते वाकून माती बघत. मातीच्या कोर्टावर खेळाडू चेंडूपर्यंत घसरत जातो आणि खूण मागे राहते. कोण वेळेवर पोचला, कोण नुसताच धडपडला, हे त्यांना त्यावरून कळे.

एरवी हा माणूस बोलायला महाग. पण फ्रेंच ओपन टीव्हीवर सुरू झाली की चहाबरोबर प्रश्न ठरलेला, "भाऊ, औंदा कोण?" भाऊ टीव्हीचा आवाज बंद करायला लावत, नुसते पाय बघत आणि दोन-तीन नावं सांगत. कधी बरोबर येत, कधी सपशेल तोंडावर आपटत. कोणी मनावर घेत नसे. पॅरिस लांब, आणि तिथल्या खेळाडूंना राजुऱ्यातलं बोलणं थोडंच ऐकू जाणार होतं.

क्लबाची स्वतःची उन्हाळी स्पर्धा मात्र जवळची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना मातीवरची सगळ्यात मोठी स्पर्धा तीच वाटे. कोण कोणाशी खेळणार याचा ड्रॉ लागला की खुर्शीदभाऊ सगळ्यांसमोर एक नाव घेत आणि त्या खेळाडूच्या हाती चुन्याचा डबा देत. बेसलाइनची पहिली रेघ त्यानं ओढायची, असा रिवाजच पडला होता. त्या एका रेघेसाठी नागभीडपासूनची पोरं जीव टाकत.

एका वर्षी तो डबा त्यांनी दानिशला दिला. दानिश त्यांचा थोरला. बापानं पोराचं नाव घेतलं म्हणून कोणी कुजबुजलं नाही, पोरगा होताच तसा. फायनल लांबत भर दुपारी गेली. मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. कावळासुद्धा सावली सोडत नाही. शेवटच्या सेटला दानिशचे पाय अडखळू लागले. पंचांनी विचारलं, सोडतोस का? त्यानं बापाकडे बघितलं.

"अब्बानं माझं नाव घेतलं हाये," तो म्हणाला आणि खेळत राहिला. सामना जिंकला, नेटपाशी बसला, तो उठलाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ऊन मारतं, नाव मारत नाही, असं लोकांनी नाना परींनी समजावलं. खुर्शीदभाऊ ऐकून घेत. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नसे, आणि सकाळी पाणी मारायला गेले की बेसलाइनच्या डाव्या कोपऱ्यात त्यांना घसरणीची ताजी खूण दिसे. कोर्ट तर आदल्या संध्याकाळी झाडलेलं असे. ते रोलर फिरवून ती बुजवत, आणि दुसऱ्या दिवशी ती तिथेच. खाली जुन्या खाणी आहेत, जमीन बसते, असं गुणवंतराव म्हणत. गुणवंतराव म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी. त्यांच्याजवळ प्रत्येक भुताचा उलगडा तयार. स्पर्धा होत राहिल्या, पण खुर्शीदभाऊंनी पुन्हा कोणाचं नाव घेतलं नाही.

यंदा मुलींच्या गटात तहसीन होती, दानिशच्या पाठची. भावाची घसरत जायची ढब तिनं जशीच्या तशी उचललेली. ड्रॉच्या दिवशी तिनंच चुन्याचा डबा आणून बापासमोर ठेवला. बापलेक घरी हिंदीत बोलत, कोर्टावर मात्र चारचौघांसारखं.

"अब्बा, औंदा तं सांगा. कोण जिंकन?"

खुर्शीदभाऊ वाकून माती बघू लागले.

"माझे पाय तुमी रोज पाहून राह्यले नं?"

"पाहून राह्यलो."

"मंग माझं नाव काऊन घेत नाई?"

सगळे ऐकत होते. खुर्शीदभाऊंनी डबा उचलला आणि नागभीडहून आलेल्या दिव्यानीच्या हातात ठेवला. दिव्यानी बरी खेळायची, पण आपण तहसीनला हरवू असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं. तिनं रेघ ओढली तीही वाकडी. तहसीनचं तोंड एवढंसं झालं.

फायनलला त्याच दोघी आल्या. आता सामने सकाळी ठेवत, पण त्या दिवशी पाहुणे उशिरा आले आणि ऊन चढलं. तहसीन पुढे होती. एक गेम घेतला की जिंकली असती. सर्व्हिससाठी ती बेसलाइनवर आली, तेव्हा जाळीबाहेर खुर्शीदभाऊ तारा घट्ट धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. ते दुवा मागत होते, पण पोरीच्या जिंकण्याची नव्हे. तहसीन त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं रॅकेट खाली ठेवली आणि पंचांना हात दाखवला.

"भोवळ येऊन राह्यली. मले नाई जमत आता."

लोक हळहळले, मग दिव्यानीसाठी टाळ्या वाजल्या. तहसीन येऊन बापाशेजारी बसली.

"तुमाले जे पाह्यजे होतं ते झालं, अब्बा."

खुर्शीदभाऊंनी घाबऱ्या घाबऱ्या तिच्या कपाळाला हात लावला. दानिशचं कपाळ त्यांच्या तळहाताला अजून आठवत होतं. तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नसलेलं. तहसीनचं कपाळ घामानं ओलं आणि गार होतं. हात होता तिथेच राहिला.

"तुले तं काईच झालं नाई," ते म्हणाले.

"नाई," तहसीन म्हणाली. "चला घरी. आज तरी झोपा."