पत्रकातला प्रश्न आणि काकाचं उत्तर

‘उद्या आमच्या लेकीबाळींचं काही बरंवाईट झालं, तर जबाबदार कोण???’

हे वाक्य माझं. वाशीमला बसस्थानकाजवळ एक डीटीपीवाला आहे, त्याच्या दुकानात उभ्याउभ्या सुचलेलं. तो म्हणाला, "भाऊ, प्रश्नचिन्ह एकच ठेवू का?" मी म्हणालो, तीन ठेव, आणि ओळ लाल कर. "झेरॉक्समधी काळीच येईन." म्हटलं, येऊ दे, व्हॉट्सअ‍ॅपवर तर लाल दिसेल. त्या ओळीवर मी इतका खूश होतो की परतीच्या गाडीत ती चार वेळा उघडून वाचली.

मी चळवळीतला पोरगा. बारावीनंतर एका शिबिराला गेला तो परत आलाच नाही, असं माझी आई लोकांना सांगते. त्या शिबिरात आम्हाला पत्रक लिहायला शिकवलं. शिकवणारा दादा सांगायचा, माहिती मागणारा प्रश्न विचारू नका, ते तहसीलच्या खिडकीवरचं काम. प्रश्न असा विचारा की समोरच्यानं तोंड उघडलं की तो गुन्हेगार ठरलाच पाहिजे. ‘रस्ता झाला का’ असं लिहायचं नाही. ‘रस्ता कोणाच्या घशात गेला’ असं लिहायचं, मग बसू दे त्याला रस्ता दाखवत. वाटा दोनच ठेवायच्या आणि एका वाटेनं जायची कोणाची हिंमत होऊ नये असं बघायचं. ‘तुम्ही गावाच्या बाजूनं की ठेकेदाराच्या?’ आणि गंमत अशी, की त्याच शिबिरात दुपारच्या सत्रात आम्हाला सरकारी उत्तरांमधले तर्कदोष शोधायला लावायचे. साहेब विषय कसा बदलतो, एका उदाहरणावरून सगळ्या गावाला कसा मोजतो, भीती दाखवून कसा गप्प बसवतो. त्यात मी पहिला यायचो. साहेबाच्या पत्रातली लबाडी मला लांबून वास आल्यासारखी कळायची. आपल्या पत्रकालाही कधी नाक लावून बघावं, हे कोणी सांगितलं नाही. मलाही सुचलं नाही.

आमचं गाव आसेगावच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. एसटी फाट्यावर उतरवते आणि निघून जाते. फाट्यापासून गावापर्यंत दोन्हीकडून तूर, मध्ये एक नाला, कधीमधी रोही, म्हणजे नीलगायी, आडव्या जातात. माझी चुलत बहीण वाशीमला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर जायच्या. सकाळी अडत नाही. पण दिवाळीनंतर संध्याकाळची शेवटची गाडी फाट्यावर पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. तिथून पोरींना गावात आणायचा तो आमच्याच गावातला ऑटोवाला. एसटी उशिरा आली तरी थांबायचा, दुसरी सवारी सोडून थांबायचा. पोरी त्याला मामा म्हणायच्या.

संध्याकाळची गाडी गावात आली पाहिजे, ही आमची मागणी. ती खरी होती, आजही खरी आहे, आणि आगारात बसलेल्यांना ती कळत नाही याचा मला आजही राग येतो. आमच्या अर्जावर उत्तर यायचं, ‘प्रवासी संख्या पाहून विचार करण्यात येईल.’ दर वेळी तेच. शेवटी डोकं फिरलं आणि मी पत्रक काढलं. अंधार. निर्मनुष्य रस्ता. मिळेल ते वाहन. कोण कुठला चालक. आज छेडछाड, उद्या अत्याचार, परवा... परवाच्या पुढं मी टिंबं दिली होती.

छेडछाड झाली होती का? नाही. कोणी काही बोललं होतं का? ते मला माहीत नव्हतं, कारण मी पोरींना विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर पत्रक वाटलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं. वाचता वाचता माझाच आवाज भरून आला.  बाप्ये मंडळींतलं कोणी तंबाखूसुद्धा मळेना. मला वाटलं, पेटलं गाव.

सोमवारी तिन्ही पोरी कॉलेजला गेल्या नाहीत.

मी काकाच्या घरी गेलो. काका अंगणात बसून फवारणीच्या पंपाचं नोझल सुईनं साफ करत होता.

"काका, हे काय आयकून राह्यलो मी? पोरीले जाऊ नाई देल्लं म्हने?"

"तूच त इचारलं ना पारावर, जबाबदार कोन म्हून?"

"मी आगाराले इचारलं."

"आगाराले पोरगी हाय काय? पोरगी माही. जबाबदार मी. देल्लं तुले उत्तर."

चुलीपाशी बसलेली काकू आतूनच म्हणाली, "आता कागद लिवनाऱ्यालेच उत्तर आवडून नाई राह्यलं."

मी शिकलेलं सगळं बाहेर काढलं. "म्हंजे तुमाले पोरगी शिकवाचीच नाई? घरात कोंडून ठेवाची?"

काकानं नोझल डोळ्यासमोर धरून त्यातून माझ्याकडं बघितलं. "आलं पाय याचं शिबिर. दोनच भोकं ठेवते अन् म्हन्ते, सांगा, कोन्त्यातून निंगता? अरे, शनवारपावतर मले काई भेव नव्हतं. पोरगी जाये, येये. तुह्या कागदानं समजलं का तथी छेडछाड चालू हाय. आमची पोरगी बोलली नसन, भेली असन. आता तू सांग, कोनाची झाली? कोन हाय तो?"

"तसं... कोनाची झाली असं नाई. होऊ शकते, म्हून लिवलं."

"मंग मी बी होऊ शकते म्हूनच घरी ठेवली."

आता एकच बोलायचं होतं, की मी लिहिलं ते घडलेलं नाही. ते तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "काका, तुमची मानसिकताच पुरुषप्रधान हाय," आणि चपला घालून निघालो. बहीण दारात उभी होती. माझ्याकडं बघत होती. सडकेला लागेपर्यंत माझे कान गरम होते. ते रागानं आहेत असं मी स्वतःला सांगत होतो.

मग वाटलं, काका हट्टी आहे, ऑटोवाल्या मामालाच सांगावं, त्याच्या शब्दावर काका पोरीला पाठवेल. तो फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसला होता, ऑटो बाजूला उभा.

"मामा, तुमीच काकाले समजावून सांगा ना. तुमचं आयकते तो."

"मी कायले सांगू, भाऊ? अन् पोरी आल्या तरी मी थांबनार नाई आता."

"काहून?"

"तुमीच त लिवलं, कोन कुठला चालक. आपल्या गावात ऑटो किती हाय? एक. मंग लोकाइले कोन ते समजत नसन काय?"

"ते तुमच्याबद्दल नव्हतं, मामा."

"मंग कोनाबद्दल होतं?"

 टपरीवाला विनाकारण गाळणी आपटू लागला.

"घरी बायको इचारते, तुमी काय केलं? मी म्हनलं, काई नाई केलं. त म्हन्ते, काई नाई केलं त कागदात कसं आलं? सांगा भाऊ, याले मी काय उत्तर देऊ?"

 हा प्रश्न माझ्याच कारखान्यातला होता. तो बनवतानाच त्यात उत्तराला जागा ठेवलेली नव्हती.

तरीही मी थांबलो नाही, हे लिहिताना जास्त लाज वाटते. आता गाडीच मंजूर करून आणायची, मग सगळ्यांची तोंडं बंद होतील, असा माझा हिशेब. दोन मित्र घेऊन आगारात गेलो. तिथल्या साहेबानं खुर्च्या दिल्या. पत्रक सावकाश वाचलं. मग म्हणाला, "तुमच्या गावाचे विद्यार्थी पास या वेळी नूतनीकरणाला आलेच नाहीत. गाडी कोणासाठी सोडू?"

मी टेबलावर हात आपटला. "मुलींच्या जिवापेक्षा तुम्हाला डिझेल मोठं वाटतं का?"

"कोणत्या मुली?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "जाणाऱ्या मुली आहेत का आता? आणि खरं सांगू, हे वाचून मीही माझी मुलगी पाठवली नसती."

त्याच्यावरही मी चिडलो. गाडी गावात असती तर प्रवासी असते, हे त्याला कोणी सांगायचं? पण माझे दोन्ही मित्र माझ्याकडं बघत होते. परतताना एकजण खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आपन आपलेच प्रवासी खाली उतरवले बे." दुसरा हसला. मग माझ्याकडं बघून तोही हसायचा थांबला.

बहीण दुसऱ्या दिवशी विरजण मागायला आमच्या घरी आली. आई आत गेल्याबरोबर म्हणाली, "दादा, तू माह्यावर कागद लिवला. मले एकदा बी इचारलं होतं काय?"

"अवं, तुमच्याचसाठी..."

"इचारलं असतं त सांगतलं असतं. मले अंधाराचं भेव नाई लागत. मामा राह्यते तथी. मले भेव बाबाचं होतं. कोनी काई बोललं, का हे कॉलेज बंद करतीन. मी दोन वर्सं झाले कोनाले काई बोलू नाई देल्लं. अन् तू मारुतीच्या पारावर उभं राहून बोलला."

तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

"माहं प्रॅक्टिकल आलं. बुडालं त वर्स जाते. आता याच्यावर बी एक कागद काढतं काय?"

आईनं विरजण दिलं, ती गेली.

त्या दुपारी मी खुलासा लिहायला बसलो. पहिलंच वाक्य आलं, ‘काही हितसंबंधी मंडळींनी आमच्या पत्रकाचा विपर्यास केला असून...’ दुसऱ्यात मी ‘आमच्या लढ्याला बदनाम करणारे कोण?’ असं विचारलं. हात आपोआप तसाच चालत होता. प्रत्येक वाक्यात चूक दुसऱ्याची आणि शहीद मी. कागद चुरगाळला. लिहून हे होणार नव्हतं.

संध्याकाळी ऑटोवाल्या मामाच्या घरी गेलो आणि पारावर चला म्हणालो.

"मी कायले येऊ? माही काय चूक?"

"तुमची नाई. मले जे बोलाचं हाय ते तुमच्यासमोर बोलाचं हाय."

तो आला, पण माझ्यापासून चार हात अंतर ठेवून. पारावर नेहमीचे लोक होते, काकाही होता. मी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच हातात कागद नव्हता, तर हातांचं काय करायचं ते कळेना. मी म्हणालो, "रस्त्यावर काई झालं नव्हतं. मी कोन्या पोरीले इचारलं नव्हतं. मनानं लिवलं. मामा रोज थांबत होते, हे मले माहीत होतं. ते लिवलं असतं त पत्रक ढिलं पडलं असतं, म्हून नाई लिवलं."

 कोणीतरी मागून म्हणालं, "म्हंजे याचे बाकीचे कागद बी असेच काय बे? नाल्याच्या पुलाचा बी?" सगळे हसले. पुलाचा कागद खरा होता, अक्षर अन् अक्षर खरा. ते तिथं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

काका हसला नाही. "तवा खोटं बोलला. आता खरं बोलून राह्यला हे कशावरून?"

"माह्यापाशी पुरावा नाई, काका."

काकानं मग माझ्याकडं बघणंच सोडलं. मामाकडं वळला. "तुमी सांगा, राजे हो. यष्टी लेट झाली त किती टाइम थांबता?"

"येइपावतर."

"अन् आलीच नाई त?"

"त फोन करतो. तुमाले केल्ता ना एकडाव, नाल्याले पानी होतं तवा. तुमी टॅक्टर घेऊन आल्ते."

काका आठवत राहिला. "हाव. केल्ता." मग तंबाखू मळत, कोणाकडं न बघता म्हणाला, "परवापासून थांबजा. पोरगी येईन."

मामा लगेच हो म्हणाला नाही. त्यानं लोकांकडं एक नजर फिरवली. "इथं सगळ्याइसमोर म्हना, का माह्या ऑटोत पोरगी पाठवून राह्यलो मी."

काकानं म्हटलं. स्पष्ट, पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मामानं मान हलवली.

बहिणीचं प्रॅक्टिकल बुडालं नाही. बाकीच्या दोघी अजून गेलेल्या नाहीत. त्यांच्या घरीही मी जाऊन हेच बोललो. एकीच्या वडिलांनी चहा पाजला, तुरीला भाव काय येईल ते विचारलं, पोरीचा विषय काढू दिला नाही. दुसरीकडं पोरीला बघायला पाहुणे येऊन गेले होते. मला बघून त्या घरच्या बाईनं पोरीला आत बोलावलं. तिथं मी काय बोललो ते आठवत नाही, लवकर निघालो एवढं आठवतं. गाडी अजून फाट्यावरच थांबते.

परवा वाशीमहून येताना मी आणि बहीण एकाच एसटीत होतो. ती पुढं, मी मागं. फाट्यावर उतरलो तेव्हा अंधार झाला होता. मामाचा ऑटो चालूच होता. ती मागं बसली, दप्तर मांडीवर घेतलं. मामानं पुढच्या सीटवरचं फडकं उचललं आणि मला म्हणाला, "या भाऊ, बसा."

मी पाय उचलला. मागून बहीण म्हणाली, "नाई मामा, चला तुमी. दादा पायी येते."

मामानं एकदा माझ्याकडं बघितलं, फडकं परत सीटवर टाकलं आणि गिअर टाकला.